एकाच नावाच्या दोन कमलाबाई

कमलाबाईंनी दोन्ही हात माझ्या टेबलावर उताणे ठेवले आणि म्हणाल्या, "आता अजून किती घासू, ते तरी सांग बाई."

बोटांची टोकं लाल झाली होती. दोन ठिकाणी सालटं निघालं होतं. केळीच्या बागेत काम करणाऱ्यांच्या हातांना चीक लागतो. त्याचे काळे डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत. बहादरपूरच्या कंट्रोलवर, म्हणजे सरकारी रेशन दुकानात, अंगठ्याचं मशीन त्यांना धान्य देत नव्हतं. सेल्समन म्हणाला, चीक काढून या. त्यांनी आठवडाभर लिंबू आणि राख घासली. मशीन नाहीच म्हणत राहिलं. तीन महिने झाले होते.

मी बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. रेशन कार्डांची माहिती पोर्टलवर भरणं, नावं जोडणं, कमी करणं हे माझं काम. कमलाबाईंसारखी पाच-सात माणसं रोज समोर यायची. बहुतेकांचा घोटाळा अंगठ्याचाच असायचा. त्यामुळे मीही आधी त्यांच्या बोटांकडेच पाहिलं.

मग सहज विचारलं, "मशीनवर काय लिहून येतं, आठवतं का?"

त्यांनी पदराच्या गाठीतून कागदाची घडी काढली. मशीनवर आलं तसं सेल्समनकडून लिहून आणलं होतं. "मला वाचता येत नाई. पन तू इचारशील म्हनून घेऊन आली."

कागदावर लिहिलं होतं, ‘मुखिया अनुपलब्ध. परिवार लॉक.’

हा अंगठ्याचा प्रश्नच नव्हता. रेशनमध्ये घरातली वयाने मोठी बाई कार्डाची मुखिया असते. मुखियाचं नाव यादीतून गेलं की सगळं कार्ड लॉक होतं. मग घरातल्या कोणीही अंगठा लावला तरी उपयोग नाही. कमलाबाईंच्या घरात त्या, विधवा सून आणि दोन नाती. सून पॉवरलूमवर कामाला जायची. सून आणि नाती, या तिघींची नावं शाबूत होती. गायब होत्या त्या फक्त कमलाबाई.

मी त्यांच्या परिवार आयडीची हिस्टरी उघडली. पोर्टलवर कोणताही बदल केला की कोणी केला त्याचा लॉगिन तिथे राहतो. शेवटची ओळ अशी होती: ‘सदस्य डुप्लिकेट. दुसऱ्या परिवारात विलीन.’ आणि त्यापुढे लॉगिन.

लॉगिन माझा होता.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग कमलाबाईंना म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा. पाणी घ्या."

ती वर्षं याद्या जोडायची होती. रेशनची यादी, परिवार आयडी, आधार, सगळं एकमेकांना जोडायचं फर्मान आलं होतं. जोडताना नाव, नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख सारखी दिसली की पोर्टल त्या दोघांना ‘संशयित डुप्लिकेट’ म्हणून वेगळं काढायचं. ती यादी आमच्याकडे यायची. नियम असा की घरी जाऊन पाहायचं आणि मग ‘एकच व्यक्ती’ किंवा ‘वेगळ्या व्यक्ती’ यावर टिक करायची. खरं असं की यादी सोमवारी यायची आणि बुधवारी परत मागायचे. मी खुर्चीत बसूनच टिक करायचे. आमच्या ऑफिसात सगळेच तसं करायचे.

बहादरपूरच्या कमलाबाई सुखदेव महाजन. शाहपूरच्या कमलाबाई सुखदेव महाजन. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी, साल एकच. एक जानेवारी यासाठी की सर्वे करणाऱ्यांनी जिला तारीख ठाऊक नाही तिला एक जानेवारी देऊन टाकली होती. आमच्याकडची अर्धी म्हातारी माणसं त्याच दिवशी जन्मलेली आहेत. हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी मी ‘एकच व्यक्ती’वर टिक केली होती. बहादरपूरची बाई शाहपूरच्या बाईत विरघळून गेली. तिचा आधार नंबरही तिकडे जाऊन चिकटला.

मी बाहेर गेले. कमलाबाई पाणी पिऊन रिकामा ग्लास हातात धरून बसल्या होत्या.

"तुमच्या अंगठ्याची चूक नाही," मी म्हटलं. "चूक माझ्याकडून झाली. तुमच्याच नावाची एक बाई शाहपूरला आहे. मी तुम्हाला दोघींना एकच समजले."

त्यांनी ग्लास बाकावर ठेवला. मला वाटलं आता आवाज चढेल. तो त्यांचा हक्क होता.

"तू मला पाहेल नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता पाह्यलं ना? मंग आता नीट कर."

मी कॅलेंडर पाहिलं. सोमवार होता. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी लॉक असलेली सगळी कार्डं कायमची रद्द व्हायची होती. रद्द झालं की नव्याने अर्ज, नव्याने पात्रता, नव्याने नंबर. वर्षही लागलं असतं.

आमचे अधिकारी चौधरी सर. माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक कागद त्यांना दुसऱ्याच्या टेबलावर बरा दिसायचा. मी सगळं सांगितलं.

"अनमर्जची रिक्वेस्ट टाका," ते म्हणाले. अनमर्ज म्हणजे एक केलेल्या दोन नोंदी पुन्हा वेगळ्या करणं. ते आमच्या हातात नसतं, भोपाळहून होतं.

"कारण काय टाकू, सर?"

"टेक्निकल एरर टाका. सगळे तेच टाकतात."

मी तेच टाकलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. गुरुवारी उत्तर आलं. ‘तपासणी केली. तांत्रिक त्रुटी आढळली नाही. तक्रार बंद.’

उत्तर बरोबरच होतं. पोर्टलने काही चुकवलं नव्हतं. त्याने विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

मी फॉर्म पुन्हा उघडला. कारणांची यादी खालपर्यंत नेली. सर्वात शेवटी एक पर्याय होता, ‘स्थानीय पडताळणीत चूक’. पाच वर्षांत तो कोणी निवडलेला मी पाहिला नव्हता. तो निवडला की आणखी चार रकाने उघडत होते. चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव आणि लॉगिन. लेखी कबुली. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याची शिफारस. आणि दोन्ही व्यक्तींची एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, समोरासमोर ओळख पटवल्याचा पंचनामा, फोटोसकट.

माझं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवं व्हायचं. लेखी कबुली दिल्यावर ते होईल याची खात्री नव्हती. घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "दुसरा रस्ता आहे का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग विचारतेस कशाला?"

शनिवारी मी स्कूटी घेऊन शाहपूरला गेले. पत्ता शोधायला वेळ लागला नाही. महाजनांचं घर बाजाराच्या मागे होतं. दारात मुलगा भेटला, विनोद नावाचा. केळीच्या गाड्या भरून देण्याचं काम करायचा. त्याने सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"मॅडम, हमारा चालू आहे ना? मग छेडू नका. तुम्ही तिचं वेगळं करायला जाल आणि आमचं उडेल. गॅरंटी देता?"

गॅरंटी मी देऊ शकत नव्हते. "नाही देता येणार," मी म्हटलं. "पण आत्ता तुमच्या आईच्या नावावर दोन आधार आहेत. पुढच्या पडताळणीत हे सापडेल. तेव्हा तुमचं कार्डही लॉक होईल, आणि तेव्हा विचारायला तुमच्या दारात कोणी येणार नाही."

"तब की तब देखेंगे," तो म्हणाला आणि आत वळला.

तेवढ्यात आतून आवाज आला. "काय म्हनते रे ती? माह्या नावावर कोन बसली?"

शाहपूरच्या कमलाबाई बाहेर आल्या. उंच, दणकट, हातात निवडायची मेथी. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"तिचा नवराबी सुखदेव?"

"हो."

"जित्ता हाय?"

"नाही. वारले."

"माह्यावालाबी गेला." त्या थांबल्या. "आनि तिला तीन महिने दाना नाई भेटला? माह्यामुळं?"

"तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे."

"तेच ते. नाव तं माह्यं लागलं ना." त्यांनी मेथी सुपात टाकली आणि मुलाकडे पाहिलं. "सोमवारी मला बऱ्हानपूरला सोड. गाडीवर नाई नेत तं मी बसनं जाईन."

विनोद पुटपुटला, पण सोमवारी त्यानेच आणून सोडलं.

दोघी कमलाबाई ऑफिसच्या बाकावर शेजारी बसल्या. एक उंच, एक ठेंगणी. एकीच्या हातावर हिरवं गोंदण, दुसरीच्या कपाळावर. नाव सोडलं तर एकीचं दुसरीशी काही जुळत नव्हतं. दहा मिनिटांत त्या कुठल्या लग्नात एकमेकींना पाहिलं असावं याचा हिशेब लावू लागल्या. मी पंचनामा लिहिला, दोघींचे फोटो घेतले, आधार तपासले. मग माझी कबुली लिहिली. चार ओळी होत्या. ‘मी घरी न जाता यादी तपासली. दोन वेगळ्या व्यक्तींना एकच व्यक्ती ठरवलं. पोर्टलचा किंवा लाभार्थ्यांचा यात दोष नाही.’ खाली सही केली.

राहिली चौधरी सरांची शिफारस. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"वर्षा मॅडम, ही यादी माझ्या लॉगिनने मंजूर झाली आहे. तुमच्यासोबत माझंही नाव वर जाईल."

"हो सर."

"दुसरं काही कारण बसत नाही?"

"बसवून पाहिलं, सर. त्यांनी बंद केलं."

ते कागद बाजूला ठेवायला लागले. "बघू. उद्या डिस्ट्रिक्टला फोन करून विचारतो."

उद्या म्हणजे मंगळवार. मग बुधवारी फोन लागणार नाही. मग शुक्रवार. मला हे पुढचं सगळं दिसत होतं. मी दार उघडलं आणि दोघींना आत बोलावलं. खुर्च्या ओढून सरांच्या टेबलासमोर बसवलं.

"सर, या कमलाबाई महाजन. आणि या कमलाबाई महाजन. आपण दोघांनी या एकच बाई आहेत असं लिहून दिलं आहे."

सरांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. शाहपूरच्या कमलाबाई म्हणाल्या, "साहेब, आमी जाऊ का थांबू?"

"थांबा," सर म्हणाले. आणि कॉम्प्युटर स्वतःकडे वळवून त्यांनी लॉगिन केलं. शिफारस टाकली. नंतर चहा मागवला, चार कप.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी मी दर तासाला पोर्टल उघडत होते. ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसायचं. गुरुवारी दुपारी भोपाळच्या हेल्पडेस्कला फोन लावला. सतरा वेळा लागला नाही, अठराव्यांदा एका मुलीने उचलला. तिने कारण वाचलं आणि विचारलं, "ये लोकल मिस्टेक वाला आपने ही डाला है? खुद?"

"हां."

"रुकिए. मैं ऊपर भेजती हूं."

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता स्क्रीन बदलली. दोन नोंदी, दोन आयडी. बहादरपूरचं कार्ड उघडलं होतं. पण मुखियाने त्याच दिवशी मशीनवर अंगठा लावून स्वतःची ओळख पक्की करायची होती, नाहीतर संध्याकाळी पुन्हा लॉक. मी सेल्समनला फोन केला, दुकान बंद करू नका म्हणून. मग स्कूटी काढली.

कमलाबाई बागेत निंदणीला गेल्या होत्या. सुनेने एका मुलीला धाडून बोलावलं. तशाच दुकानावर आल्या, हातांना माती. सेल्समनने मशीन बंद करून चालू केलं, म्हणजे नवीन माहिती खाली उतरते. नाव आलं. उजवा अंगठा लावला. दिवा लाल. पुन्हा लाल. आता खरोखर अंगठाच चालत नव्हता. घासून घासून त्याच्या रेघा गेल्या होत्या. लिंबू आणि राख. माझ्या एका टिकमुळे.

"दहाही बोटं लावा," मी म्हटलं. "एकेक करून."

आठव्या बोटाला, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला, हिरवा दिवा लागला.

सेल्समनने मागच्या महिन्यांचं जेवढं देता येत होतं तेवढं मोजून पिशवीत भरलं. कमलाबाई मापाकडे टक लावून पाहत होत्या. पिशवी उचलताना मला म्हणाल्या, "ते शाहपूरवालीला फोन करून सांग, झालं म्हना. ती बी वाट पाहत असंन." आभार वगैरे काही नाही. मला ते बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी मला आणि सरांना नोटीस आली. खुलासा मागितला होता. आम्ही जे झालं तेच लिहिलं. सरांना ताकीद मिळाली. माझं कॉन्ट्रॅक्ट त्या वर्षी तीन महिने उशिरा नवं झालं. त्या तीन महिन्यांत मी घरी बसले नाही. त्या संशयित यादीत कमलाबाईंची सोडून मी टिक केलेल्या आणखी एकशे बारा जोड्या होत्या. मी प्रत्येक जोडीच्या घरी गेले, खकनारपासून पार शाहपूरपर्यंत. एकशे सात ठिकाणी खरोखर एकच माणूस निघालं. पाच ठिकाणी दोन निघाली; कॉन्ट्रॅक्ट नवं झाल्यावर त्यांच्यासाठीही तोच फॉर्म भरला. त्या पाचांपैकी एकही जण ऑफिसात तक्रार घेऊन आला नव्हता. सगळे अंगठाच घासत बसले होते.

नवीन ऑपरेटर आले की मी त्यांना एवढंच सांगते. यादी तपासायला बुधवारपर्यंतचा वेळ पुरत नसेल तर ‘वेळ पुरला नाही’ असं लिहून पाठवा. ओरडा खावा लागेल. टिक मात्र करू नका.