बाजूच्या सीटची टुकटुक
गाडीत बाजूला बायको बसली अन् सीटबेल्टसाठी टुकटुक सुरू झाली, की मला आईच्या वर्षश्राद्धाची सकाळ आठवते. आईला पट्ट्याचा भारी वैताग. "गयाले काचते मले. अन् तुमची गाडी तं बैलबंडीवानी चालते," असं ती बाबांना म्हणायची. शेवटी बाबांनी यवतमाळच्या बाजारातून एक लोखंडी क्लिप आणली, तिच्या पट्ट्याच्या खाचेत खुपसली अन् ती टुकटुक कायमची गप्प केली. मग एका संध्याकाळी पुसदहून येताना रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, सत्तरी ओलांडलेल्या बाबांचा पाय ब्रेकवर उशिरा पडला अन् गाडी कडुनिंबावर आदळली. बाबांना त्यांच्या पट्ट्याने धरून ठेवलं, आईला धरायला काहीच नव्हतं. वर्षश्राद्धासाठी त्याच दुरुस्त केलेल्या गाडीने आम्ही गावी, मुकुटबनला निघालो, तेव्हा बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. आईचा फ्रेम केलेला फोटो त्यांनी पुढच्या सीटवर टेकवला, ती क्लिप उपसून काढली अन् मागे जाऊन बसले. उदबत्तीचा वास गाडीभर पसरला होता. "चालू कर," ते म्हणाले, "आता वाजू दे." मी गाडी सुरू केली. आम्ही दोघंही कान देऊन बसलो. पण फोटोला वजन ते किती असणार, गाडी वाजलीच नाही. "काहून वाजून नाही राह्यली?" बाबांनी विचारलं. मी गिअर टाकला. आता बायको घाईने पट्टा ओढायला लागली, की मी म्हणतो, थांब जराशी, वाजू दे.