पिवळी रेघ

मुलांनो, काल शेजारच्या सुनीलच्या नव्या गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि चाकांच्या नटांवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. कारखान्यात नट पूर्ण आवळला की तशी खूण करतात.

तुमचे आजोबा ट्रकच्या कारखान्यात हेच काम करत. आधी पाना, मग रंग, असा नियम. एकदा ब्रश हातात होता म्हणून त्यांनी आधी रंग लावला, आणि तेवढ्यात चहाची घंटा झाली. परत येईपर्यंत ट्रक पुढे गेला होता. रेघ दिसली की माणूस निश्चिंत होतो; त्या नटाला पुढे कुणीच हात लावला नसणार.

हे त्यांनी साहेबांना कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही निवृत्तीनंतर. रस्त्यात उभ्या ट्रकच्या चाकापाशी ते का वाकत, हे मला तेव्हा कळलं. तो ट्रक त्यांना शेवटपर्यंत दिसला नाही.

मी सुनीलला म्हटलं, "निघण्याआधी पाना लावून बघ."

"काकू, नवीकोरी गाडी आहे! कंपनीतून तपासून आलीय," तो हसला.

त्याची दोन्ही मुलं मागे बसली होती.

"तपासणाऱ्याशीच संसार केलाय मी," मी म्हटलं. "पाना काढ."