रंभाबाईची बोडी

सकाळी साडेसातला मंजुषा दोनाडकरच्या घरात तीन गोष्टी एकदम चालत. गॅसवर पोहे, नळाखाली बकेट, आणि आतल्या खोलीतून नवऱ्याचा ‘मंजू, माझा चष्मा?’ असा पुकारा. त्या दिवशी चष्मा फ्रीजमध्ये निघाला, लसींच्या बाटल्यांशेजारी. धनराज दोनाडकर पशुधन पर्यवेक्षक होते. ब्रह्मपुरीपासून वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत गाई-म्हशी-बकऱ्यांना लस टोचत ते फिरत. चष्मा आणि लस एकाच थंडाव्यात ठेवणारा माणूस जनावरांना काय टोचत असेल, असं मंजुषाच्या मनात आलं. पण पोहे लागत होते, म्हणून तो विचार तिनं तिथंच सोडला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप पडली म्हणजे माणूस खेड्यातला आणि काम निकडीचं.

दारात रंभाबाई उभी होती. नदीपलीकडच्या खैरटोल्याची. लुगड्याचा पदर खांद्यावर पडलेला आणि केस मोकळे सोडलेले. पन्नाशी उलटलेल्या बाईचे ते केस कमरेच्या खाली पोचत होते.

“डॉक्टरीनबाई, हे पाहा. नीट पाहा. अन सांगा मले, मी कुठून बोडकी दिसून राह्यलो?”

“कोण म्हणते बोडकी?” मंजुषा गोंधळली.

“तुमीच म्हणून राह्यल्या. छापून म्हणून राह्यल्या!”

धनराज मागून आले. “बाई, आत या. पयले पाणी तरी प्या.”

“पाणी मंग. पयले केस पाहा, डॉक्टरसाहेब. तुमी बी पाहा. लाजू नोका.”

डॉक्टरसाहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि केस पाहिले.

रंभाबाईनं कमरेची पिशवी सोडून पुण्याचं एक मासिक काढलं. ते मंजुषालाच अजून मिळालं नव्हतं. तिनंच कौतुकानं संपादिकाबाईंना कळवलं होतं, की एक प्रत रंभाबाईंना पाठवा. टपालानं तेवढं एक काम वेळेवर केलं होतं.

मंजुषाच्या प्रवासवर्णनांची गोष्ट अशी. बी.ए.ला तिचा विषय मराठी होता आणि तेव्हापासून तिला लिहायचं होतं, तेही प्रवासावर. प्रवास मात्र तिला मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून घडला. धनराजना लसीचा बर्फाचा डबा धरायला माणूस लागे. चार वर्षांपूर्वी एकदा ती मांडीवर डबा घेऊन मागे बसली, आणि मग बसतच गेली. लोक काश्मीर पाहतात, तिनं सिंदेवाही, नागभीड, आरमोरी पाहिली. नवरा गोठ्यात शिरला की ही कोणाच्या तरी ओसरीवर बसे, पाणी मागे आणि ऐकत राही. घरी आली की वही काढी. धनराज म्हणत, “मी बकऱ्या टोचतो, ही माणसं टोचते. माणसं ओरडत नाहीत एवढंच.”

अकरा लेख छापून आले होते. छापणारं मासिक पुण्याचं, संपादिकाबाई मायेच्या, फक्त त्यांना शुद्धलेखनाची भारी हौस. झाडीपट्टीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या या मुलखात, टमाट्याला भेदरं म्हणतात. मंजुषानं एकदा ‘भेदराची चटणी’ लिहिली, ती ‘भेदरलेली चटणी’ होऊन छापली गेली. साताऱ्याच्या एका वाचकानं पत्र पाठवलं, की चटणीला भेदरलेली म्हणणारी प्रतिभा फार दिवसांनी पाहिली. मंजुषानं ते पत्र तीनदा वाचलं आणि चूक कळवायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही, तिनं राहू दिलं. आता तिला वाटलं, तेव्हाच कळवायला पाहिजे होतं.

तिनं खैरटोल्याचा लेख उघडला. नाव दिलं होतं ‘तीन बोड्यांचं गाव’. छापलं होतं ‘तीन बोडक्यांचं गाव’. सोबत चित्रही होतं: लुगड्यातल्या तीन बाया, डोक्यावरून पदर, झाडाखाली माना खाली घालून बसलेल्या.

झाडीपट्टीच्या बाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे, की बोडी म्हणजे धानाच्या बांधाला लागून खणलेलं लहान तळं. तलावाची धाकटी बहीण म्हणा. पण पुण्यात बोडीला ओळखणारं कोणी नव्हतं. बोडकीला सगळेच ओळखत होते.

मंजुषा वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. “या गावात तीन बोडक्या आहेत. दोन सरकारी, एक खाजगी. खाजगी आहे ती रंभाबाई. पावसाळ्यात तिन्ही तुडुंब भरतात, उन्हाळ्यात आटतात. सकाळी बायका त्यांच्यावर कपडे धुतात, दुपारी म्हशी येऊन बसतात. रंभाबाई बोडकी सगळ्यांत खोल.”

स्वयंपाकघरात पोहे जळाले. कोणी उठलं नाही. धनराजनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्यासारखा आवाज काढला.

“हासा, साहेब,” रंभाबाई म्हणाली. “सारा पानठेला हासून राह्यला. माह्या देरानं, अंकुशनं, दोन डाव वाचून दाखवलं. मी बी हासलो असतो. पण आज ग्रामसभा हाय.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. खैरटोल्यातली ती तिसरी बोडी रंभाबाई आणि तिचा नवरा सोमाजी या दोघांनी दोन उन्हाळे खणून केली होती. ढिवराचं घर, धान कमी, मासोळी जास्त. सोमाजी वारला त्याला तीन वर्षं झाली. तोपर्यंत सारं गाव ‘सोमाजीची बोडी’ म्हणायचं. मग अंकुश बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाज टाकून बसू लागला, आणि बसता बसता लोकांच्या तोंडी ‘अंकुशची बोडी’ आली. आज ग्रामसभेत गाळ काढायच्या बोड्यांची यादी होणार होती. यादीत बोडीपुढं ज्याचं नाव लागेल त्याची ती कायमची. मंजुषानं ‘रंभाबाईची बोडी’ लिहिलं, ते बोडीला तिचं नाव लावून कोणी पहिल्यांदाच लिहिलेलं. तो कागद ग्रामसभेत दाखवायचा म्हणून रंभाबाई महिनाभर टपालवाल्याची वाट पाहत होती.

“अन आता अंकुश म्हणते, पाहा, डॉक्टरीनबाईनंच लिवलं, वयनीपाशी बोडी नाईच. वयनीच बोडकी हाय!”

मंजुषानं गॅस बंद केला, वही पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच ती मांडीवर डबा न घेता प्रवासाला निघाली. जीपमध्ये तिला मांडी नुसती रिकामी रिकामी वाटत राहिली. शेवटी कोणाची तरी कोंबडी तिनं धरायला घेतली, तेव्हा बरं वाटलं.

नदीचा पूल ओलांडताना रंभाबाईनं केस आवळून अंबाडा घातला. “एक सांगतो, डॉक्टरीनबाई. तेवढं सोडलं तं बाकी बेस लिवलं तुमी. माह्या हातच्या झिंग्याच्या चटणीचं तं असं लिवलं, का वाचून राह्यला अंकुश अन लाळ सुटून राह्यली त्याच्याच तोंडाले.”

मंजुषाला हसू आलं आणि लाजही वाटली. इतके दिवस तिचा समज होता, की आपण दुसऱ्याचं गाव पाहून येतो आणि लिहून त्या गावाला काहीतरी देतो. खैरटोल्यानं तिला पाणी दिलं, चटणी दिली, एक शब्द दिला. तिनं तो शब्द पुण्याला पाठवला आणि पुण्यानं तो तासून पाठवला. तासताना लाकूड कोणाच्या घरचं होतं हे ना संपादिकाबाईंना ठाऊक, ना तिनं त्यांना सांगितलं.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली होती. ग्रामसेवक संघपाल टेबलामागे यादी घेऊन बसले होते, आणि अंकुश पहिल्याच रांगेत, खिशात मासिकातल्या पानाची झेरॉक्स. मंजुषा आत आली तशी मागून कोणीतरी म्हणालं, “खोल बोडकीवाल्या बाई आल्या.” बायकांच्या बाजूला एकच खसखस पिकली.

मंजुषानं वही उघडली आणि आपल्या हातचा लेख वाचून दाखवला. रंभाबाईची बोडी, तिची खोली, तिच्या पाळीवरचं जांभळीचं झाड.

अंकुश उठला. “हाताचं कोणीबी लिवते, बाई. मी बी लिवतो. छापलेलं खरं. छापणारा का येडा हाय?”

“येडा नाई, पुण्याचा हाय,” पलीकडून कोणी म्हणालं.

संघपाल कानामागचा पेन काढून बसले होते. “मॅडम, त्यायच्याशी फोनवर बोलता येईल का? सर्वायसमोर?”

खैरटोल्यात टॉवर मिळतो तो समाजमंदिराच्या पायरीवरच. मंजुषा पायरीवर उभी राहिली, फोन मोठ्या आवाजात लावला, आणि अख्खी ग्रामसभा दाराशी गोळा झाली.

“हॅलो, मंजुषाताई! अंक मिळाला का? फार सुरेख जमलाय हो लेख.”

“ताई, त्यात ‘बोडी’चं ‘बोडकी’ झालं आहे.”

“हो, मीच केलं ते. मला वाटलं, घाईत ‘क’ राहिला, आणि ‘रंभाबाईची’तला ‘ची’ जास्तीचा पडला.”

“मग ‘दोन सरकारी, एक खाजगी’ वाचून काही वाटलं नाही का तुम्हाला?”

“अगदी खरं सांगू? जरा विचित्र वाटलं. पण म्हटलं, विदर्भात असेल काही योजना.”

समाजमंदिराच्या दारात हशा फुटला. संपादिकाबाई घाबरल्या. “कोण आहे हो तिथं?”

“ग्रामसभा आहे,” मंजुषा म्हणाली.

“सगळी?”

“कोरम पुरा हाय!” संघपालनी ओरडून सांगितलं.

“मग बोडी म्हणजे नेमकं काय हो?”

हा प्रश्न गावाला आजवर कोणी विचारला नव्हता. सगळे एकदम बोलू लागले. एक म्हणे पाणी, एक म्हणे मासोळी, एक म्हणे शिंगाडा. म्हातारे मुखरूभाऊ काठी टेकत पुढं आले आणि त्यांनी फोनजवळ तोंड नेलं. “अवो बाई, बोडी म्हंजे खड्डा! पाण्याचा! त्यात म्हशी बसतेत!”

“अगंबाई,” पलीकडून हळूच आवाज आला. “म्हणजे म्हशी... आणि मी तिथं तीन बायकांचं चित्र काढून घेतलं.”

मंजुषाला भीती होती, आता रंभाबाई रडेल. रंभाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता तिचा अंबाडा सुटला, तशी एक पोरगी ओरडली, “पाहा वो पुणेवाल्या बाई, आमच्या बोडकीचे केस!”

अंकुशनं खिशातलं पान काढलं, पाहिलं आणि घडी घालून परत ठेवलं. “मंग? खड्डा तं खड्डा. तीन सालापासून राखण कोण करून राह्यलं?”

“राखण तू केली, बाबू,” मुखरूभाऊ म्हणाले. “खणली कोणं? मी त्या दोन्ही उन्हाळ्यात मजुरीनं होतो. सोमाजी खणे अन हे बाई डोक्यावर टोपलं घेऊन पाळीवर माती टाके. सात महिन्याची होती, तरी बी टाके. तू तवा कुठी होता?”

“मी नागपूरले होतो. कामाले.”

“मंग नागपूरले असंन तुही बोडी.”

लोक पुन्हा हसले, पण आता अंकुशकडे पाहून हसले. त्यानं मान खाली घातली. मंजुषाला त्याचंही वाईट वाटलं. बोडीचा लोभ सोडला तर छापलेल्यावर विश्वास ठेवला एवढाच त्याचा गुन्हा, आणि तो तिचाही होताच. फोनमधून संपादिकाबाई म्हणत होत्या, पुढच्या अंकात चौकट टाकू, दिलगिरी छापू, नवं चित्र देऊ, आणि बोडीचा एखादा फोटो मिळेल का?

संघपालनी हात वर करून विचारलं, “बोडी रंभाबाईची, यावर कोणाची हरकत?” कोणाची नव्हती. अंकुशनं हात वर केला नाही, खालीही घेतला नाही, कानाशी नेऊन खाजवला. ती त्याची संमती धरली गेली.

संघपाल यादीवर वाकले आणि लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी रंभाबाईकडे पाहिलं. “बाई, पुण्याचे लोक माफी छापून राह्यले. तुमाले आणखी काई पाहिजे का? दिलगिरीत तुमचा फोटो वगैरे?”

रंभाबाईनं केस बांधले, पदर डोक्यावर घेतला आणि टेबलाशी आली. संघपालच्या वहीवर वाकून तिनं त्या काळ्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

“फोटो नोको, माफी बी नोको, साहेब,” ती म्हणाली. “आत्ता जे लिवलं, ते एक डाव मोठ्यानं वाचून दाखवा.”