दीर्घिकेचे पेढे

आपल्याच डोक्यावरच्या हवेचा उजेड मी विश्वाच्या टोकावरची दीर्घिका म्हणून जाहीर केला आणि सोसायटीत पेढे वाटले. मुलुंडमध्ये हा मान दुसऱ्या कोणाला मिळाला असेल असं वाटत नाही. तेव्हा मी काही लहान नव्हते, अडुसष्टची घोडी होते. पण आता पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरून मागे बघते तेव्हा ती बाई मला अगदीच पोरगी वाटते. नाकावर चष्मा, डोक्यात शहाणपण, आणि पोटात विहिणीबद्दलची जळजळ.

विहीण म्हणजे माझ्या सुनेची आई. राहायला चारकोपला, मूळची मालवणकडची. नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच फोन सोडेना. तिच्या फोनवर असायची कोण, तर आमची नात. माझ्या मुलाची मुलगी, माझं नाक, माझं गणित! ती परदेशात खगोलशास्त्र करते. दर रविवारी सकाळी तिचा फोन आधी चारकोपला जायचा, तो तासभर. मग मुलुंडला. "आजी, बरी आहेस ना? गोळ्या घेतल्यास? चल, ठेवते." आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या आजीच्या वाट्याला गोळ्या, आणि चारकोपला अख्खं विश्व.

तासभर हे मला कसं ठाऊक? सांगते, हसू नका. मी विहिणीचा नंबर लावून बघायचे. "ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे," असं ती रेकॉर्डवरची बाई म्हणाली की कापायचे. उपमा हलवून परत लावायचे. व्यस्त. चहा संपवून परत. व्यस्त. शेवटी शेवटी मला त्या रेकॉर्डवरच्या बाईचाही मत्सर वाटायला लागला. तिला निदान माहीत असायचं आत काय चाललंय ते.

ठिणगी पडली होती त्याआधीच्या दिवाळीत. नात सुट्टीवर आली होती आणि फराळाच्या टेबलावर दोन्ही आज्यांना तिचं काम समजावून सांगत होती. विश्व पसरतंय, म्हणून लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जातो आणि त्याच्या वर्णपटातल्या ओळखीच्या रेघा लाल रंगाच्या बाजूला सरकतात. जेवढी रेघ सरकली, तेवढी दीर्घिका दूर. अशी लाखो दीर्घिकांची अंतरं काढून हे लोक आकाशाचा नकाशा करतात. दीर्घिका कुठे दाटीवाटीने आहेत ते पाहिलं की न दिसणारं डार्क मॅटर कुठे, किती, याचा अंदाज येतो. आणि ती दाटी काळाच्या ओघात कशी बदलली ते पाहिलं की विश्वाला अधिकाधिक वेगाने फुगवणारी जी डार्क एनर्जी आहे, तिचा.

मी चकली मोडत म्हटलं, "गुरुत्वाकर्षण. माहितेय मला. पुढे बोल."

विहीण म्हणाली, "मला नाही कळलं गं. जे दिसतच नाही ते कुठे आहे हे कसं कळतं? परत सांग."

नातीने परत सांगितलं. मग परत. तिसऱ्यांदा विहिणीचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या गच्चीवरून झाडाआडची वडापावची गाडी दिसत नाही, पण घोळका कुठे जमलाय त्यावरून कळतं, तसं?"

"आजी! झकास! हे मी माझ्या भाषणात वापरणार!"

आणि पुढे खरंच वापरलं हो तिने. तिकडच्या मोठमोठ्या लोकांसमोर चारकोपची वडापावची गाडी! माझं गुरुत्वाकर्षण राहिलं चकलीच्या डब्यात. दिवाळीच्या त्या रात्री मला ॲसिडिटी झाली. मुलगा म्हणाला फराळाने. मी म्हटलं, असेल.

जाताना नातीने दोघींना एका कामाला लावलं. यंत्राने ठरवलेली अंतरं माणसाच्या नजरेने तपासायची. संगणकावर एकेक आलेख यायचा, डोंगररांगेसारखा. त्यात रेघेच्या जागी सुळका. खाली तीन पर्याय: यंत्राचं बरोबर, यंत्राचं चूक, सांगता येत नाही. सरावासाठी तिने आम्हा दोघींना सारखेच आलेख दिले. सुरुवातीला सूचनांची भलीमोठी पानं होती. ती मी वाचली नाहीत. मुलांना "आधी सूचना वाचा" असं ओरडत आयुष्य काढलेली बाई मी. सूचना मला कशाला?

एके दिवशी एक आलेख आला. सगळं सपाट, खरखरीत, आणि मधोमध एकच झोकदार सुळका. माझ्या अंगावर काटा आला. ही नक्की हायड्रोजनची रेघ, ताणून ताणून इथवर आलेली! म्हणजे भलतीच दूरची दीर्घिका. यंत्रही तेच म्हणत होतं. मी "बरोबर" दाबलं आणि लगेच चारकोपला फोन लावला. खबर द्यायला नव्हे हो. जळवायला.

"विहीणबाई, तो एका सुळक्याचा आलेख आला का तुम्हाला?"

"आला ना. मी 'सांगता येत नाही' दिलं."

"अय्या! का हो?"

"एकच तर रेघ. एका रेघेवर कसं सांगू? नुसतं नाक बघून लग्न जमवण्यासारखं झालं ते."

"असू दे, असू दे," मी गोडात म्हटलं, "विज्ञानाची सवय लागते त्याला." फोन ठेवला आणि पर्स घेऊन थेट मिठाईवाल्याकडे गेले.

सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच भेटले. "अरे वा, पेढे! नातू झाला?"

"नाही हो, दीर्घिका सापडली."

"मुलगी होय? मग बर्फी आणायची ना!"

मी त्यांना विश्वाचं प्रसरण समजावलं. त्यांनी दोन पेढे घेतले आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला. तरी मी चारही मजले फिरले. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: पेढ्यांचा डबा, मी, आणि मागे संगणकावर माझा सुळका.

रविवारी सकाळी फोन वाजला. नातीचा. चारकोपच्या वेळेला!

"आजी, तू पेढे वाटलेस?" आणि जी हसत सुटली, थांबेचना. मग म्हणाली, "आता आधीचे आलेख उघड. कुठलेही. त्याच जागी बघ."

मी उघडले. त्याच जागी एक बारीकसा उंचवटा. दुसऱ्यात, तोच. तिसऱ्यातही.

"ती रेघ आपल्या हवेची आहे, आजी. वरच्या हवेतला ऑक्सिजन रात्री मंद चमकतो. तो उजेड आम्ही वजा करतो, पण कधी कधी थोडा उरतो. यंत्र फसतं. सूचनांमध्ये लिहिलंय."

खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची वाळत घातलेली पांघरुणं दिसत होती, त्यांच्याकडे बघत बसले.

"मग चारकोपवालीने बरोबर ओळखलं म्हणायचं," मी विचारलं. विचारताना दात दुखले.

"तिने ओळखलं नाही. ओळखता येत नाही, हे सांगितलं. आम्हाला तेच हवं असतं. एखादी दीर्घिका गाळली तर नकाशात भोक पडतं, ते आम्हाला माहीत असतं, त्याचा हिशोब धरता येतो. पण चुकीच्या जागी ठेवली तर जिथे काहीच नाही तिथे गर्दी दिसते."

माझ्या तोंडात "माहितेय मला" आलंच होतं. जिभेच्या टोकावर. पण खरं सांगते, ते भोकाचं मला अजिबात कळलं नव्हतं. आणि फोन ठेवला जाईल अशी भीती वाटली ती वेगळीच.

"परत सांग," मी म्हटलं.

तिने परत सांगितलं. मी अडवलं, तिने आणखी एकदा सांगितलं. मग ती पहिल्यांदा दुर्बिणीजवळ गेली तेव्हा केवढी थंडी होती ते. तिच्या आलेखात काय अडतंय ते. तिचे सर चिडले की काय करतात ते. गॅसवर मटकीची उसळ लागली, वास घरभर झाला, मी उठले नाही. गोळ्यांचा विषय निघालाच नाही.

फोन ठेवते न ठेवते तोच परत वाजला. चारकोप. बाई चिडली की मालवणीत जाते, आणि त्या दिवशी तिने मला "हॅलो"सुद्धा म्हणू दिलं नाही.

"तास झालो तुमचो फोन एंगेज्ड! तीनदा लावलंय मी. हसू नकात, दर रविवारी तुमचे मिस्ड कॉल माका दिसतत. चुकलास तुमी, आणि तासभर फोन पण तुमकाच? नातीन माका आज तुमच्या आधी नुसता 'शाब्बास आजी' म्हणान ठेवल्यान! हो खयचो न्याय? पुढच्या खेपेक मी पण देतंय कायतरी ठोकून, आणि वाटतंय पेढे!"