साळवे मॅडमचा रविवारचा तास

साळवे मॅडम गेल्याचं मला चाकणला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कळलं. त्यांची भाची पल्लवी फोनवर एवढंच म्हणाली, "आत्या पहाटे गेली, नसीमताई. झोपेतच." मी डबा बंद केला, लॅबमध्ये परत आले, अर्धवट राहिलेली चाचणी पूर्ण केली, आकडा वहीत लिहिला आणि मग रडू आलं. दीड महिना झाला त्याला... तो आकडा अजून पाठ आहे.

मी काळेवाडीची. अब्बूंचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी सेंद्रिय रसायनशास्त्रात नापास झाले, तेव्हा स्कूटर घेऊन आलेल्या मॅडमना अब्बूंनीच विचारलं होतं, "आमच्या पोरीकडे जरा बघाल का?" मॅडमचे वडील कारखान्यात कामगार. त्यांनी बांधलेल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत मॅडम दर रविवारी शिकवायच्या. सतरंजीवर आम्ही सात-आठ मुली. मी गेले त्या दिवशी मुक्त मूलकं चालली होती. बंध तुटताना दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉन घेऊन वेगळे होतात, म्हणून इलेक्ट्रॉन कुठे सरकला ते दाखवणाऱ्या बाणाच्या टोकाला एकच पातं काढायचं. मी दोन काढली होती. "दोन पाती म्हणजे दोन इलेक्ट्रॉन सरकले. इथे किती सरकले?" "एक." "मग एकच काढ." मी शहाणपणा करत म्हणाले, म्हणजे तो बिचारा एकटा पडला, आता जोडीदार शोधत फिरणार. मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "त्याला एकटं वाटत नाही, नसीम. ते माणसांना वाटतं. तू ऊर्जा बघ."

पुढे पेरॉक्साइडं शिकवताना मात्र त्यांचा आवाज बदलला. ऑक्सिजन-ऑक्सिजनमधला तो बंध फार कमकुवत, थोड्या उष्णतेनंही तुटतो, मूलकं तयार होतात, त्यातून आणखी उष्णता, आणखी मूलकं... एवढं फळ्यावर लिहून त्यांनी खडू खाली ठेवला. शिकवण्याआधी त्या भोसरीजवळच्या एका रबराच्या कारखान्यात केमिस्ट होत्या. एका दुपारी त्यांना पेरॉक्साइडचा कॅन फुगलेला दिसला. त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, शिफ्ट संपू दे, मग बघू. मॅडम आपल्या टेबलाशी परत गेल्या. तासाभरात कॅन फुटला आणि परशुराम नावाच्या कामगाराचे दोन्ही हात भाजले. बोटं पुन्हा नीट वळलीच नाहीत. मॅडमनी नोकरी सोडली. "मी सांगितलं होतं," त्या आम्हाला म्हणाल्या. "पण एकदाच सांगितलं." मग त्यांनी खडू उचलला आणि पुढची पायरी लिहिली.

मी पास झाले, एम.एस्सी. केलं, चाकणला प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागले. तिथे राळ, म्हणजे रेझिन, घट्ट करायला पेरॉक्साइडच वापरतात. ते थंड खोलीत ठेवावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात ती खोली थंड ठेवणारं मशीन बंद पडलं आणि तापमानाचा काटा चढायला लागला. मी सुपरवायझरना म्हणाले, माणसं बाहेर काढा. ते म्हणाले, "मॅडम, दहा मिनिटं द्या. एवढा लॉट होऊ दे." मी वळले. दारापर्यंत पोचलेसुद्धा. तिथून परत आले आणि सगळ्यांसमोर पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता धोक्याची घंटा दाबली. आम्ही फाटकाजवळ उभे असताना आत पहिला कॅन फुटला. भिंत काळी झाली, छपराचे पत्रे उडाले. इजा एकालाही झाली नाही.

रविवारी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आत किती जण होते?" "एकोणीस." त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा हातात चहाचे कप होते आणि डोळे लाल. शाबासकी दिली नाही. फक्त म्हणाल्या, "परशुराम आता आळंदीजवळ असतो. मी जाऊन येते कधी कधी. तो काही बोलत नाही... चहा देतो. कप दोन्ही तळव्यांत धरून."

त्यानंतर माझं जाणं कमी झालं. शिफ्ट, ओव्हरटाइम, कारणं काय, मिळतात. त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढलंय हे पल्लवीकडून कळायचं. त्या गेल्या त्याच्या तीन दिवस आधी त्यांचा फोन येऊन गेला होता. माझा मोबाइल लॉकरमध्ये होता. संध्याकाळी नाव पाहिलं, आणि म्हटलं, रविवारी जाऊच. परत फोन केला नाही. हे लिहायला मला दीड महिना लागला.

मॅडम कशासाठी फोन करत होत्या, ते पल्लवीनं नंतर सांगितलं. त्यांना धाप लागत होती आणि पाच मुलींची परीक्षा तोंडावर होती. पुढचे काही रविवार मी घेईन का, एवढंच विचारायचं होतं.

आता मी घेते, त्याच बाहेरच्या खोलीत. गेल्या रविवारी रेश्मा नावाच्या मुलीनं विचारलं, "ताई, ऑक्सिजनच्या रेणूत तर दोन इलेक्ट्रॉन जोडीशिवाय असतात. मग तो दिसेल त्याच्यावर तुटून का पडत नाही? आपण सगळ्यांनी पेटायला हवं ना?" प्रश्न चांगला होता. उत्तर मला अर्धंच येत होतं. "थांब हं," मी म्हणाले, "विचारून सांगते," आणि आतल्या खोलीच्या दाराकडे वळून "मॅडम!" अशी हाकही मारली.

मुली खाली मान घालून बसल्या. आत पल्लवी भांडी घासत होती, तिचे हात थांबले. मी पडदा धरून तशीच उभी राहिले...