दिवाळी अंकांच्या मागची पुस्तकं

हैदराबादला, आबिड्सच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय आहे. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत रविवारी सकाळी मोठ्यांची नाटकाची तालीम चालते, आतल्या खोलीत मी पुस्तकांची देवघेव बघते. तिथंच इंग्रजी बालपुस्तकांचं एक कपाट आहे. आमची मुलं मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी थांबतात, म्हणून गोष्टी इंग्रजीतून. यावरून मंडळात दरवर्षी एकदा वाद होतो आणि चहा आला की मिटतो.

गेल्या मार्चमध्ये पालकांनी सुट्टीसाठी एक यादी मागितली: मुलांनी यातली कोणती पुस्तकं वाचावीत? याद्या करणं मला आवडतं. त्याच आठवड्यात कार्यकारिणीनं ठरवलं की कपाट भरलंय, तेव्हा जी पुस्तकं कोणी नेत नाही ती शहराबाहेरच्या एका शाळेला देऊन टाकावीत. दोन्ही कामं एका फेरीत उरकतील असा मी हिशेब मांडला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी गेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. भरपूर शिक्के असतील ते पुस्तक यादीत, एकही नसेल ते खोक्यात.

त्या रविवारी तासभर आधी जाऊन मी कामाला लागले. निकाल विचित्र निघाला. सगळ्यात जास्त शिक्के अगदी पातळ, बारा-पंधरा पानांच्या पुस्तकांवर होते. आणि नोंदवहीतली नऊ पुस्तकं जागेवर नव्हतीच. मी त्यांच्यापुढे ‘गहाळ’ लिहिलं आणि शिक्के नसलेली खोक्यात भरायला घेतली. दुपारी ऑटो येणार होता.

एवढ्यात तालमीला आलेल्या एका सभासदाची नऊ वर्षांची मुलगी आत आली. हे घर तीन पिढ्या हैदराबादचं. वडील नाटकात इन्स्पेक्टर, त्यामुळे ही सकाळभर आमच्याकडेच. तिनं खोक्याबद्दल विचारलं, मी सांगितलं. ती सरकत सरकत दिवाळी अंकांच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं ते कपाटही मोजावं म्हणून मी तिला बाजूला हो म्हटलं.

“नक्को काकू, ते उद्या मोजा ना.”

उद्या वाचनालय बंद असतं, हे तिलाही ठाऊक होतं. मी हात धरून तिला बाजूला केलं आणि अंकांचा एक जाड गठ्ठा ओढला. मागे एक इंग्रजी पुस्तक उभं होतं. एका आळशी बोकडाला टपाल वाटायची नोकरी लागते, त्याची गोष्ट. पानांत खुणेला केसांची रिबीन. चिठ्ठी कोरी. पुढचा गठ्ठा ओढला, तिथं दुसरं. पाच मिनिटांत गहाळ झालेली नऊच्या नऊ पुस्तकं टेबलावर आली.

हे कोणी केलं, असं मी जरा कडक आवाजातच विचारलं.

“सगळ्यांनी. माझं एकच आहे.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका घराला एक कार्ड, एका कार्डावर एक पुस्तक, असा नियम आहे. तिच्या घरच्या कार्डावर दर आठवड्याला वडिलांची रहस्यकथा जाते. धाकट्या भावंडासाठी कोणी कार्ड वापरलंच तर लगेच परत येईल असं पातळ पुस्तक उचलतात. मोठी मुलं तालीम संपेपर्यंत इथंच जमिनीवर बसून वाचतात, आणि पुढच्या रविवारी तेच पुस्तक सापडावं म्हणून लपवून जातात.

“पण दिवाळी अंकांच्याच मागे का?”

“तिथं कोणी हात लावत नाही, काकू.”

ते अंक वर्षावार लावून, दाभण-दोऱ्यानं मी स्वतः शिवलेले आहेत.

तिचं लक्ष मात्र खोक्याकडे होतं. “माझंपण त्यात जाणार? चारच चॅप्टर राहिलेत.”

एक कार्ड, एक पुस्तक हा नियम चार वर्षांपूर्वी मीच केला होता. पुस्तकं हरवू नयेत म्हणून.

मी खोकं रिकामं केलं, ऑटोवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं आणि बाहेर जाऊन तालीम थांबवली. मुलांना स्वतंत्र कार्डं हवीत, असं कार्यकारिणीतल्या तिघांना उभ्या-उभ्याच सांगितलं. ते निम्म्या वेशात होते आणि त्यांना तालीम पुढे न्यायची होती, त्यामुळे मंजुरी लवकर मिळाली. इन्स्पेक्टर लेकीला म्हणाले, अगं, मला सांगायचं ना. तिनं दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ते खून कोणी केला या पानावर होते.

यादी मग तालमीबरोबर आलेल्या सगळ्या मुलांनीच केली. प्रत्येकानं आपलं लपवलेलं पुस्तक उचललं आणि का लपवलं ते सांगितलं. मी फक्त लिहून घेतलं. अस्वलाच्या बेकरीची गोष्ट, कारण ती वाचताना भूक लागते. दोन बहिणींच्या भांडणाची, कारण शेवटी कोणीही सॉरी म्हणत नाही. मी स्वतः निवडली असती अशी, नीट वागायला शिकवणारी पुस्तकं त्यांत एकही नव्हती. एक तरी घाला म्हटलं, तर मुलं नको म्हणाली. शाळेला काय द्यायचं तेही मग त्यांनाच विचारलं. प्रत्येकाच्या आवडीचं एक तरी जावं, असं त्यांचं म्हणणं पडलं, तेव्हा मी तशी दुसरी यादी सुरू केली.

बोकडाचं पुस्तक त्या दिवशी तिच्या नव्या कार्डावर पहिल्यांदा घरी गेलं. पुढच्या रविवारी ती परत घेऊन आली तेव्हा मी विचारलं, मग काय झालं शेवटी, राहिली का त्याची नोकरी?

“असं सांगत नसतात, काकू. तुमचं कार्ड कुठंय?”

सध्या ते पुस्तक माझ्याकडे आहे. सहावं प्रकरण चालू आहे, आणि दर रविवारी मी कुठवर आले याची चौकशी होते.