शालिकरामचा हात

गाव त्याला शालिकरामजी म्हणे. मी शालिक्या म्हणतो आणि मरेपर्यंत तेच म्हणणार.

आमचं गाव तिवशाच्या अलीकडे. दूर कुठे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि त्यापायी आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. गावोगाव शंकरपट भरू लागले. दोन बैलजोड्या शेजारी शेजारी सोडायच्या, जी आधी निशाणापाशी पोचेल ती जिंकली. लोक पैजेवर डोक्यावरचं पागोटंसुद्धा लावत. आणि लावायच्या आधी शालिक्याकडे जात.

पटाच्या सकाळी तो लिंबाखाली मांडी घालून बसे. समोरून एकेक जोडी गेली की याचा निकाल तयार. "याले सरकी चारून चारून गाभण म्हशीवानी करून ठेवलं. अर्ध्यात बसते." "तो काळ्या शिंगाचा पळीन, पन जोडीदार त्याले ओढून राहिला." पुष्कळदा ते खरं निघे, हे कबूल करतो. डोळा होताच मेल्याला.

पण त्याचं खरं भांडवल डोळा नव्हता, हात होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि बैलाला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शालिक्या त्या दिवशी घरोघर जाऊन बैलांचे खांदे चोळून द्यायचा. लोकांना वाटे, काय माया आहे माणसाची! माया कसली डोंबलाची? बोटांनी चाचपायचा. कोणता बैल शहारला, कोणता मागे सरला, ते डोक्यात ठेवायचा आणि माघात पटावर तेच सांगायचा. पैसा घेत नसे, मान घ्यायचा. तो मान आम्हाला फार महाग पडला.

त्याचा धंदा गोऱ्हे शिकवायचा. शेपटी पिरगाळून, पराणीचा खिळा टोचून तो माजोऱ्या गोऱ्ह्याला महिन्यात जुवाखाली आणत असे. आसपासच्या गावांतले निम्मे बैल त्याच्याच हाताखालून गेलेले. आमचा चांद्याही. माझ्या वहिनीनं, मैनाबाईनं, आई मेलेलं ते वासरू वाटीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्याला शालिक्याकडे द्यायचं ठरलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. परत आला तेव्हा चांद्याच्या पुठ्ठ्यावर खिळ्याचे वण होते. भगवंतराव, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "शिकला ना? मंग झालं."

त्या वर्षीच्या पोळ्याला शालिक्यानं चांद्याच्या खांद्याला हात लावला आणि चांद्या दाव्याच्या टोकापर्यंत मागे गेला.

"भगवंतराव, खांद्यात आतून खोड हाये," शालिक्या म्हणाला. "वरतून दिसत नाई. पटाचा नाई राह्यला हा आता."

भाऊ शालिक्याचं वाक्य म्हणजे वेदवाक्य मानणारा. कापसाच्या गाड्या अकोल्याकडे नेणाऱ्या एका गाडीवानाला बैल हवेच होते; भावानं चांद्या त्याला द्यायचं ठरवलं. त्या वाटेनं गेलेला बैल परत येत नसे. काळ्या मातीत चाकं रुतायची, बैल जुवाखालीच पडायचे, आणि गाडीवान दुसरा बैल जुंपून पुढे जायचे. गावच्या नत्थुजीनं आदल्या साली शालिक्याच्याच सांगण्यावरून आपला सोन्या असाच विकला होता. सोन्या मूर्तिजापूरच्या अलीकडे मेला. नत्थुजीनं त्याचा खुंटा काही उपटला नाही.

वहिनी भावासमोर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी म्हणाली, "माघातला एक पट पळू द्या. हारला तं घेऊन जा म्हना."

भावानं होकार दिला. जोडी मी हाकणार होतो. मला तेव्हा खात्री होती की शालिक्यानं गाडीवानाशी संधान बांधलंय, आणि मी ते चार माणसांत बोलूनही दाखवलं. ते खोटं होतं. तो मनापासून बोलत होता. लबाड असता तर बरं झालं असतं, लबाडाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

पटाच्या दिवशी लिंबाखालून त्यानं जाहीर केलं, "भगवंतरावची जोडी आडवी जाईन. ज्याले पागोटं जड झालं असन त्यानं तिच्यावर लावावं." लोक हसले. गाडीवान दावं घेऊनच आला होता. मी त्याच्या पायाजवळ थुंकलो.

निघताना वहिनी एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, त्याले काठी दाखवाची नाई."

मी पराणी घरीच ठेवली. नुसती हाळी दिली. चांद्या असा सुटला की जोडीदाराला फरफटत नेतो की काय वाटलं. शेजारची जोडी निशाणाच्या थोडी अलीकडे मागे पडली. आम्ही जिंकलो आणि मी तिथंच मातीत बसून रडलो.

पण ते तिथं संपलं नाही. शालिक्या गर्दी सारत आला. "जिंकला, पन खांद्याचं वाटोळं झालं. उद्या उठनार नाई. हे पाहा." त्यानं हात पुढे केला. चांद्या फुरफुरला, मागे हटला, अंगावरची कातडी थरथरली. "पाह्यलं?" गाडीवानानं मान डोलावली. आणि माझा भाऊ, नुकताच पट जिंकलेला माझा भाऊ, दाव्याची गाठ सोडू लागला.

कडेला बायकांच्या गाड्या उभ्या होत्या. वहिनी खाली उतरली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून सरळ पुरुषांच्या गर्दीत आली. तिनं चांद्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. चांद्या जागचा हलला नाही.

"तुमी दाबा," ती भावाला म्हणाली. भावानं दाबलं. काही नाही. "दादा, तुमीबी दाबा." गाडीवानानं तर कोपर खुपसलं. चांद्यानं शेपटीनं माशी उडवली.

"आता तुमी, शालिकरामजी."

शालिक्यानं हात उचलला. हात अजून वीतभर लांब होता, तोच चांद्याचे डोळे पांढरे झाले आणि चारही पाय मागे सरले.

"दुखनं खांद्यात नाई," वहिनी म्हणाली. "तो तुमाले वळखते."

कोणी हसलं नाही. शालिक्यानं आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग गर्दीतून नत्थुजीचा आवाज आला, अगदी हळू. "माह्या सोन्याले बी यानंच शिकवलं होतं." मागून आणखी एक जण बोलला, मग तिसरा. जो तो आपापला विकलेला बैल आठवू लागला. कोणता त्याच्या हाताखालून गेला होता, कोणता त्याच्या हाताला शहारला होता. नाव एकच निघत होतं. शालिक्याच्या अंगावर कोणी गेलं नाही. जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

गाडीवान रिकामं दावं घेऊन गेला. भाऊ त्यानंतर चांद्याबद्दल कुणालाही काही विचारत नसे.

पुढच्या पोळ्याला खांदे शेकायच्या दिवशी शालिक्या नेहमीसारखा निघाला. दारं उघडी होती, पण कुणी 'या' म्हटलं नाही. आमच्या अंगणाबाहेर तो थांबला, हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेले. वहिनी चांद्याला हळद चोळत म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो ऐकत उभा राहिला आणि मग गेला.

कीव आली म्हणावं, तर आली नाही. त्याच्या वाटेवर नत्थुजीचा गोठा होता. आत नत्थुजी रिकाम्या खुंट्याला हळद लावत बसला होता.